न लिहिलेली ओळ

इसिदोरा, तुझ्या लग्नाची यादी वाचली तेव्हा
मला सोळावं लागलं होतं,
आणि घरात वाचता येणारी मी एकटीच.
स्तोत्रं म्हणता यावीत म्हणून पाद्र्यानं शिकवलेली अक्षरं
अशी कामाला येतील
हे त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही नसेल.

ऑगस्ट सरत आलेला.
आपल्या खिओस बेटावर झाडं रडतात त्या दिवसांत.
साल चिरायची, बुंध्याखाली पांढरी माती पसरायची,
आणि मस्तकीचे थेंब गळून वाळेपर्यंत
वाट पाहायची.
आपल्या तिघींना बाबांनी तेवढंच नीट शिकवलं होतं.

कलामोतीचा सिदेरी. तिजवर.
दोन बायका पोचवलेला, आगाच्या वसुलीचा कारकून,
बोटांना शाईचा आणि लसणीचा वास.
त्याला तू,
पुढच्या वर्षी त्याच्या पुतण्याला मी.
थिओदोती नऊ वर्षांची, तिचंही बोलून ठेवलेलं,
जशी न व्यालेल्या शेळीची करडं
इसारावर देऊन टाकावीत.

आणि झानी गाढवावरून माती आणायचा.
त्या साली आपल्या झाडांखाली जेवढी माती पडली
तेवढी साऱ्या गावात कुणाकडे नव्हती.
बाबा म्हणाले, हा पोरगा मापाला उदार आहे.
थिओदोती फिसकन हसली
आणि तू तिला चिमटा काढलास.

रात्री गच्चीवर मी म्हटलं, पळून जा.
कुठे? तू म्हणालीस.
वेशीची किल्ली आगाकडे, वाऱ्याची देवाकडे.
थिओदोती म्हणाली, मी सिदेरीला चावेन.
त्या रात्री आपल्याकडे
एवढी एकच योजना होती.

मग कागद आला.
बाबा कोयता पायाशी ठेवून बसले. वाच, मोठ्यानं.
चार गोधड्या.
तांब्याची कढई, झाकणासकट.
खालच्या उतारावरची चाळीस झाडं.
इथे कागद संपला
आणि मी थांबले नाही.

"तसंच विहिरीकडचं म्हातारं झाड,
मुलीच्या आजीनं लावलेलं,
तेही जावयाच्या नावे."

वारा नव्हता, तरी माझ्या हातातला कागद हलत होता.
पुन्हा वाच, बाबा म्हणाले.
मी पुन्हा वाचलं.
दुसऱ्यांदा खोटं सोपं जातं,
पायवाट पडलेली असते.

ते कोयता घेऊन उठले. तू माझा हात धरलास.
ते विहिरीकडे गेले, बुंध्याला तळवा लावून
कितीतरी वेळ उभे राहिले,
मग तिथूनच ओरडले,
सांगा त्या सिदेरीला,
माझी आई मी कुणाला आंदण देत नाही.

तीन महिन्यांनी तू झानीची झालीस.
मापाला उदार माणसाशी संसार म्हणजे काय
ते तुला कळलंच पुढे, आणि तुझ्या सावकारालाही.
थिओदोती समुद्रापलीकडे स्मिर्नाला गेली.
मी इथेच राहिले, झाडांपाशी, कुणाचीही नाही,
आणि ते मला बरं लागलं.

काल बाबांचा चाळिसावा.
उकडलेल्या गव्हाची वाटी हातात घेऊन
म्हातारा पाद्री माझ्या शेजारी टेकला.
म्हणाला, त्याच संध्याकाळी तो आला होता माझ्याकडे.
दोनदा वाचून घेतला कागद.
विचारलं, झाडाचं काहीच नाही? म्हटलं, नाही.
तर म्हणाला, पोरगी छान वाचते.

इसिदोरा, मी रडले नाही. मला राग आला.
अठरा वर्षं माहीत होतं त्यांना!
त्या उन्हाळ्यात तू तीन वेळा साधं "नको" म्हणाली होतीस,
एकदा तर त्यांच्या पायाशी बसून.
ते का नाही ऐकू आलं?
त्याला खोट्याची ओळ कशाला लागली,
झाड कशाला लागलं?

असो.
पुढच्या आठवड्यात साल चिरायला घेतेय.
विहिरीकडचं झाड यंदा तसंच सोडणार आहे.
झानीला सांग, चार गोण्या माती पाठव.
चारच म्हणावं.
मी मोजून घेणार आहे.